लेकरू अंग धरतंय, पण कशाने?

लेकरू रोड दिसलं की आपल्याकडे घरातल्या सगळ्यांचा जीव वरखाली होतो. जेवत नाही का, दृष्ट लागली का, जंत झाले का, असे प्रश्न शेजारपाजारचेही विचारतात. तेच लेकरू गुबगुबीत असलं तर कुणी काही विचारत नाही, उलट आईचं कौतुक होतं. परभणी जिल्ह्यातल्या मानवत, पाथरी, सेलू या पट्ट्यात ही भीती उगाच आलेली नाही. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्याने खडी फोडली, कामावर मिळणारी सुकडी खाल्ली, परदेशातून आलेल्या तांबड्या मिलोच्या भाकरी गिळल्या. त्या वेळी जी पोरं होती ती आज आजी-आजोबा झाली आहेत, आणि नातवंडाच्या ताटावर त्यांची नजर असते. रोडपणाची धास्ती त्यांच्याकडून पुढच्या पिढीत उतरली. धास्ती खरी होती, पण तिच्यावर आज जो उपाय केला जातो तो चुकतो आहे. पोर बारीक आहे म्हणून त्याला काहीही करून वजनात आणायचं, मग ते बिस्किटाने येवो, वेफर्सने येवो की डब्यातल्या गोड पावडरीने येवो, ही घाई आपल्या भागातल्या मुलांच्या लठ्ठपणाचं मोठं कारण आहे. तो टाळायचा असेल तर सुरुवात जाड पोरापासून नको, रोड पोराकडे आपण कसं बघतो तिथून हवी.

यावर पहिला आक्षेप लगेच येतो. मराठवाड्यात कुपोषणाचा प्रश्न अजून सुटलेला नाही, तिथे लठ्ठपणाचं काय घेऊन बसलात? आक्षेपात तथ्य आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या मुलांपैकी सुमारे ३५ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी आढळली आणि सुमारे ३६ टक्के मुलांचं वजन कमी होतं. त्याच फेरीत वजन जास्त असलेली मुलं ४.१ टक्के होती. हा आकडा लहान वाटतो, पण आधीच्या, म्हणजे २०१५-१६ च्या फेरीत तो १.९ टक्के होता. चार-पाच वर्षांत दुपटीहून अधिक. सगळ्या जगाचंही हेच चाललं आहे. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये युनिसेफने सांगितलं की शाळेच्या वयाच्या मुलांमध्ये लठ्ठ मुलांचं प्रमाण प्रथमच कमी वजनाच्या मुलांपेक्षा जास्त झालं आहे. आपल्याकडे ती वेळ आलेली नाही. आपल्याकडे दोन्ही एकाच वेळी आहेत, एकाच गल्लीत आहेत, आणि कित्येकदा एकाच मुलाच्या अंगात आहेत.

एकाच अंगात दोन्ही कसं, हे महाराष्ट्रातल्याच संशोधनाने दाखवलं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या बायकांच्या गरोदरपणाची आणि त्यांच्या मुलांची नोंद ठेवत आले आहेत. शेतात राबणाऱ्या, अंगाने किरकोळ बायका. त्यांची बाळं जन्मली तेव्हा सरासरी २.७ किलोची होती, तर तुलनेसाठी घेतलेली इंग्लंडमधल्या साउदम्प्टनची बाळं ३.५ किलोची. आपल्या बाळाच्या पोटाचा घेर कमी, दंडाचा घेर कमी, स्नायू कमी. पण खांद्याच्या पात्याखालची कातडी चिमट्यात धरून तिची जाडी मोजली, तर ती त्या गोऱ्या बाळांच्या जवळपास होती. म्हणजे बाळ हडकुळं, पण चरबी जपून ठेवलेली. मोठेपणीही हे टिकतं. याज्ञिकांचा आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. युडकिन यांचा एक फोटो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, नेमका सारखा, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९ टक्के आणि याज्ञिकांची २१ टक्के. वजनकाट्याला हा फरक दिसत नाही. २०१६ ते २०१८ मध्ये देशभर झालेल्या मुलांच्या पोषण सर्वेक्षणात तोच प्रकार वेगळ्या वाटेने समोर आला. पाच ते नऊ वर्षांच्या मुलांत वजन जास्त असलेली मुलं चारच टक्के निघाली, पण रक्तातली ट्रायग्लिसराइड ही चरबी वाढलेली मुलं ३४ टक्के आणि मधुमेहाच्या उंबरठ्यावरची साखर असलेली दहा टक्के. बारीक दिसणारं पोर आतून बारीक असेलच असं नाही, हे एवढ्यावरून समजावं.

मग अशा पोराला घाईने वजनात आणलं तर काय होतं? याचं उत्तर दिल्लीच्या एका अभ्यासाने दिलं. १९६९ ते १९७२ या काळात जन्मलेल्या मुलांची वजनं-उंच्या तिथे लहानपणापासून नोंदवलेल्या होत्या, आणि तीच मंडळी तिशीच्या आसपास आल्यावर त्यांच्यापैकी जवळपास दीड हजार जणांची साखर तपासली. ज्यांना मधुमेह किंवा त्याची चाहूल लागली होती ती माणसं दोन वर्षांची असताना रोड होती, आणि दोन ते बारा या वयात त्यांचं वजन उंचीच्या मानाने भराभर वाढलेलं होतं. बाराव्या वर्षी त्यांच्यातलं एकही मूल लठ्ठ या व्याख्येत बसत नव्हतं. कुठल्याही शाळेतल्या वर्गात ती मुलं ‘चांगली भरलेली’ म्हणून गणली गेली असती. इथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवायला हवी, नाहीतर या सगळ्याचा उलटाच अर्थ निघेल. दोन वर्षांच्या आतलं लेकरू वजनाला कमी असेल तर त्याला पोटभर आणि वारंवार खायला द्यायलाच हवं. सहा महिने फक्त आईचं दूध, मग दुधाच्या जोडीला मऊ वरणभात, तूप घातलेली खिचडी, कुस्करलेलं अंडं, केळं. या वयात वाढलेलं वजन हाडाला, मेंदूला, स्नायूला लागतं. साखर मात्र या दोन वर्षांत अजिबात नको. दोन वर्षांनंतर प्रश्न बदलतो. तेव्हा वजन किती वाढलं एवढं विचारून भागत नाही. उंचीच्या जोडीने वाढलं का, हे विचारावं लागतं.

उंचीच्या जोडीने वाढतंय की नाही हे घरी कळू शकतं, त्याला यंत्र लागत नाही. दोन वर्षांपासून वयात येईपर्यंत मूल वर्षाला साधारण पाच-सहा सेंटिमीटर उंच होतं आणि दोन-अडीच किलोने जड होतं. वाढदिवसाला भिंतीवर उंचीची खूण करायची, त्याच दिवशी वजन करायचं आणि दोन्ही आकडे वहीत लिहायचे. उंची नेहमीसारखीच आणि वजन मात्र वर्षात चार-पाच किलोने वाढलेलं असेल तर सावध व्हावं, भले पोर जाड दिसत नसो. दुसरी परीक्षा सुतळीची. सहा वर्षांच्या पुढच्या मुलाला भिंतीला पाठ लावून उभं करायचं, डोक्यापासून टाचेपर्यंत सुतळी मापायची, तिची बरोबर निम्मी घडी घालायची आणि ती घडी बेंबीच्या पातळीवर कमरेभोवती गुंडाळायची. मुलाने पोट आत ओढायचं नाही, श्वास सहज सोडलेला असावा. दोन्ही टोकं एकमेकांना भेटून थोडी सुतळी उरली तर ठीक. टोकं भेटतच नसतील तर चरबी पोटावर साठते आहे. १२० सेंटिमीटर उंचीच्या पोरीची कंबर साठच्या आत हवी, हे त्यामागचं साधं गणित. तिसरी खूण मानेवर असते. मानेच्या मागे, कधी काखेत, कातडी काळपट आणि मखमलीसारखी जाडसर होते. आया ती मळ समजून साबणाने, दगडाने घासतात, पोरं रडतात, आणि काळेपणा जात नाही. तो मळ नसतोच. रक्तात इन्सुलिन वाढलं की अशी कातडी होते, आणि ती दिसली की घासणं थांबवून डॉक्टरकडे जावं. बालरोगतज्ज्ञांकडे भारतीय मुलांसाठी बनवलेले, इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सने २०१५ मध्ये काढलेले वाढीचे तक्ते असतात. ‘माझं मूल यात कुठे बसतं ते दाखवा’ असं पालकांनी मागून घ्यावं. न मागता तक्ता क्वचितच बाहेर निघतो.

आता कारणांकडे. सगळी कारणं सारख्या वजनाची नाहीत. आनुवंशिकता आहे, झोप आहे, खेळ आहे, पण माझ्या मते आपल्याकडे सगळ्यात पुढे आहे ती दुकानात माळेने लटकणारी पाच-दहा रुपयांची पुडी. पूर्वी तालुक्याच्या गावात खाऊ म्हणजे फुटाणे, शेंगदाणे, बोरं, फार तर गोळ्या. आज रस्ता जाईल तिथे पुडी जाते, अगदी शेवटच्या वाडीवरही. ती पाहुण्याच्या हातात असते, शाळेच्या फाटकाशी असते, रडणाऱ्या पोराला गप्प करायला असते. २५ ग्रॅमच्या वेफर्समध्ये सुमारे १३०-१४० कॅलरी असतात, म्हणजे ज्वारीच्या एका मध्यम भाकरीइतक्या. भाकरी खाल्ली की पोट भरल्याचं कळतं. पुडी संपली की दुसरी पुडी आठवते. ही नुसती समजूत नाही. अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत २०१९ मध्ये वीस प्रौढांना दोन आठवडे कारखान्यात तयार झालेलं अन्न आणि दोन आठवडे साधं शिजवलेलं अन्न हवं तेवढं खायला दिलं. दोन्ही ताटांत साखर, चरबी, मीठ आणि चोथा सारखा राखला होता. तरी कारखान्याच्या अन्नाच्या पंधरवड्यात माणसं रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खाऊन गेली. मोठ्या माणसांचं असं होतं, तर पाच वर्षांच्या पोराकडून संयमाची अपेक्षा कशी करायची? पोर हावरट आहे, ही तक्रार म्हणूनच मला पटत नाही. वस्तूच अशी बनवली आहे की हात थांबू नये.

चांगलं खाणं महाग पडतं, हा दुसरा आक्षेप. फळांच्या बाबतीत तो काही अंशी खरा आहे, पुडीच्या बाबतीत नाही. दहा रुपयांच्या पुडीवर बारीक अक्षरात निव्वळ वजन छापलेलं असतं, ते वाचावं. बहुधा २०-२५ ग्रॅम निघतं. म्हणजे किलोला चारशे-पाचशे रुपये, आणि त्यात बटाटा किंवा मक्याचं पीठ, पामतेल आणि मीठ. शेंगदाणे आणि फुटाणे याच्या निम्म्याहून कमी भावात मिळतात. सरकारी धोरणही यात कधीकधी उलट्या दिशेला असतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून कोल्ड्रिंकवरचा जीएसटी ४० टक्के ठेवला, पण बिस्किटं, नमकीन आणि चॉकलेट यांवरचा कर ५ टक्क्यांवर आणला. घराघरात त्याचं स्वागत झालं, आणि महागाईच्या दिवसांत ते समजण्यासारखं आहे. मुलांच्या ताटाच्या बाजूने मात्र कुणी बोललं नाही.

पुडीच्या जोडीला पेय. साध्या कोल्ड्रिंकच्या २५० मिलीच्या बाटलीत साधारण पाच-सहा चमचे साखर असते. आंब्याच्या नावाने मिळणाऱ्या गोड पेयातही कमी नसते, आणि ‘हे फळाचं आहे’ म्हणून ती बाटली जास्त निर्धास्तपणे दिली जाते. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये सुधारलेल्या मार्गदर्शिकेत दिवसभराची साखर २०-२५ ग्रॅमपर्यंतच ठेवायला सांगितली आहे. एका बाटलीत ती संपली. दुधात घालायच्या, उंची आणि बुद्धी वाढवण्याचं आश्वासन देणाऱ्या पावडरींबद्दल तर आई-वडिलांची सर्वांत मोठी फसगत होते. रोड पोरासाठी पदरमोड करून डबा आणला जातो, आणि त्यातल्या कित्येक पावडरींत वजनाच्या सुमारे एक तृतीयांश साखर असते. एप्रिल २०२४ मध्ये केंद्र सरकारने ऑनलाइन विक्रेत्यांना अशी पेयं ‘हेल्थ ड्रिंक’ या सदरातून काढायला सांगितलं, ते यामुळेच की अन्नसुरक्षेच्या कायद्यात हेल्थ ड्रिंक नावाची व्याख्याच नाही. त्या डब्याच्या पैशांत महिनाभर अंडी येतात. आणि सकाळच्या चहा-बिस्किटांचा रिवाज. मैदा, साखर आणि वनस्पती तूप चहात बुडवून शाळेला गेलेलं पोर दहा वाजता भुकेजतं आणि मधल्या सुट्टीत पुडी शोधतं. सकाळी साडेसातला काही शिजवायला वेळ नाही ही अडचण खरी आहे. पण रात्रीची भाकरी दुधात कुस्करणं, मोड आलेल्या मटकीला फोडणी देणं, किंवा धपाट्याचं पीठ आदल्या रात्री तिंबून ठेवणं, यांना बिस्किटाचा पुडा आणायला लागतो त्याहून फार वेळ लागत नाही.

इथे ज्वारीबद्दल थोडं. आजकाल भाकरीला औषधाचं रूप देण्याची चढाओढ लागली आहे, त्यात पडायचं कारण नाही. वजनाच्या बाबतीत ज्वारीत आणि गव्हात कॅलरीचा फार फरक नाही, आणि चार भाकरी खाल्ल्या तर चार भाकरींइतकंच अंगावर येतं. फरक पडतो तो सोबत काय खाल्लं त्याने. रेशनवर मुख्यतः गहू-तांदूळ मिळतात आणि शिवारात कापूस-सोयाबीन झाल्यामुळे ज्वारी विकत घ्यावी लागते. त्यातून ताटात धान्याचा ढीग आणि डाळीचं पाणी, असं चित्र तयार होतं. पोराचे स्नायू त्यावर वाढत नाहीत, चरबी वाढते. म्हणून घट्ट वरण, हरभऱ्याच्या घुगऱ्या, शेंगदाण्याची चटणी, दही, खाणाऱ्यांच्या घरी रोज एक अंडं, आणि तांदुळजा, शेपू, अंबाडी यांतली एखादी पालेभाजी, हा रोजच्या ताटाचा कणा धरावा. ज्वारी घ्यायचीच असेल तर परभणीच्या कृषी विद्यापीठाने इक्रिसॅटच्या सोबतीने विकसित केलेलं आणि २०१८ मध्ये आलेलं ‘परभणी शक्ती’ हे वाण लोह आणि जस्तासाठी मुद्दाम निवडलेलं आहे. बियाणं इथलंच आहे, ज्यांचं शेत आहे त्यांनी घरच्यापुरतं पेरायला हरकत नाही. अंड्यावर राज्याने मात्र धरसोड केली. नोव्हेंबर २०२३ मध्ये शाळेच्या पोषण आहारात आठवड्यातून एक अंडं किंवा केळं सुरू झालं आणि जानेवारी २०२५ मध्ये त्याचा वेगळा निधी थांबला. तेव्हा ते अंडं घरूनच द्यायचं, असं धरून चालावं.

खाण्याइतकाच फोनही ताटावर बसलेला असतो. मोबाईल दाखवल्याशिवाय घास उतरत नाही, असं सांगणाऱ्या घरांत मूल रोड असल्याचीच तक्रार असते, आणि त्याच्या पोटात दोन घास जास्त जावेत म्हणूनच तो सुरू होतो. पडद्यावर डोळे लागले की पोट भरल्याची जाणीव हरवते. आज दोन घास जास्त गेले याचा आनंद होतो, पण पुढे तेच पोर पोट भरल्यावरही खात राहायला शिकतं. किती खायचं हे मुलाने ठरवावं, काय आणि केव्हा खायचं हे मोठ्यांनी, एवढी वाटणी पाळली तर जेवणावरची निम्मी भांडणं मिटतात. जागतिक आरोग्य संघटना दोन वर्षांच्या आतल्या मुलाला पडदा नकोच म्हणते, पाच वर्षांपर्यंत फार तर तासभर. झोपेचंही तसंच. शाळेच्या वयातल्या मुलाला नऊ तासांच्या वर झोप लागते. रात्री अकराला मोबाईल बाजूला ठेवून सकाळी सहाला शिकवणीला पळणाऱ्या मुलाची ती होत नाही, आणि अपुऱ्या झोपेने भुकेचं संप्रेरक वाढतं, त्यातही ओढ गोडाची आणि तळलेल्याची लागते.

खेळाबद्दल सगळ्यांना सगळं माहीत असतं, आणि घडत काहीच नाही. पाच ते सतरा वर्षांच्या मुलाला रोज सरासरी तासभर घाम येईल असा खेळ हवा. ‘आमच्याकडच्या उन्हात पोरांना कुठे सोडायचं’ हा प्रश्न परभणी जिल्ह्यात पोकळ नाही. एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीसच्या वर जातो आणि नेमकी तेव्हाच सुट्टी असते, म्हणजे दोन महिने पोरं कूलरपुढे आणि फोनपुढे. पण त्याच दिवसांत पहाटे साडेपाच ते साडेसात आणि संध्याकाळी साडेसहानंतर मैदान मोकळं असतं. उन्हाळ्यात वेळ बदलायची, खेळ बंद करायचा नाही. मुलींची अडचण उन्हाहून मोठी आहे. दहा-अकरा वर्षांची झाली की पोरीचं बाहेर खेळणं हळूहळू थांबतं, सायकलही भावाकडे जाते, आणि त्याच वयात शरीर चरबी साठवायला लागतं. शिकवणीला सायकलवर जाणं, शाळेत खो-खोच्या संघात असणं, दोरीवरच्या उड्या, यातलं जे घरात चालेल ते हट्टाने चालू ठेवावं. आणि खेळाने खाल्लेलं सगळं जळून जातं असा हिशोब मात्र करू नये. अर्धा तास पळून जे जळतं ते कोल्ड्रिंकच्या एका बाटलीने भरून येतं.

‘वयात येताना उतरेल’ हे वाक्य प्रत्येक जाड पोराच्या आईला कुणीतरी ऐकवतं. काहींचं उतरतंही. जगभरच्या अभ्यासांची बेरीज २०१६ मध्ये झाली तेव्हा असं दिसलं की लहानपणी लठ्ठ असलेल्यांपैकी निम्म्याहून थोडी जास्त मुलं किशोरवयातही लठ्ठ राहतात, आणि किशोरवयात लठ्ठ असलेल्यांपैकी ऐंशी टक्के मोठेपणीही तशीच राहतात. याचा अर्थ दहाव्या वर्षाच्या आत हालचाल केली तर निम्मी लढाई जिंकता येते, वाट पाहत बसलं तर ती फार अवघड होते. त्याच बेरजेने दुसरी बाजूही सांगितली, ती लपवण्याचं कारण नाही: लठ्ठ प्रौढांपैकी बहुतेक जण लहानपणी लठ्ठ नव्हते. म्हणजे आज आपलं पोर जाड नाही म्हणून वरचं सगळं आपल्याला लागू नाही, असं म्हणता येत नाही. राहिला ‘थायरॉईड असेल’ हा तर्क. ग्रंथींच्या बिघाडाने येणारा लठ्ठपणा फार थोड्या मुलांत असतो, आणि त्याची एक खूण घरी ओळखता येते: अशी मुलं जाड असतात पण उंचीला खुंटलेली असतात. खाण्याने जाड झालेलं मूल बहुधा वर्गात उंचही असतं. जाड आणि बुटकं मूल असेल तर तपासणी टाळू नये. जाड आणि उंच असेल तर गोळीची वाट पाहू नये.

पोर आधीच जाड झालं असेल तर त्याला उपाशी ठेवायचं नाही, ताटातली भाकरी काढून घ्यायची नाही, आणि वाढत्या वयात वजन उतरवण्याचा ध्यास तर मुळीच धरायचा नाही. वर्षभर वजन आहे तिथे राहिलं आणि पाच सेंटिमीटर उंची वाढली, तरी पोर आपोआप सडपातळ होतं. वाढणाऱ्या मुलाला मिळणारी ही सवलत मोठ्यांना मिळत नाही. बदल घराने करायचा, एकट्या मुलाने नाही. पुडे घरात आणायचेच नाहीत, कारण आणून कपाटात वर ठेवलेल्या पुड्यावरून रोज भांडण होतं. घरातल्या सगळ्यांचं ताट सारखं असावं. धाकट्याला बारीक म्हणून बिस्किटं आणि थोरल्याला जाड म्हणून काकडी, असा भेद झाला की थोरला चोरून खायला शिकतो. जाड्या, ढोल्या, भोपळा ही हाक कौतुकाचीही नको. वजनावरून चिडवली गेलेली मुलं पुढे आणखी जाड होतात असं अभ्यासांत दिसलं आहे. ती मैदानावर जाणं टाळतात आणि घरात बसून खातात. सुपात आहेत त्यांनी जात्यातल्यांना हसू नये, एवढं तरी मोठ्यांनी पाळावं.

शेवटी फाटकाशी येऊ, कारण घराने कितीही केलं तरी दिवसातले पाच-सहा तास पोर शाळेत असतं. महाराष्ट्राने मे २०१७ मध्ये शाळांच्या उपाहारगृहांत वेफर्स, कोल्ड्रिंक, पिझ्झा असे पदार्थ विकायला बंदी केली. त्यानंतर देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२० मध्ये नियम केले, त्यानुसार जास्त चरबी, साखर आणि मिठाचे पदार्थ शाळेच्या आवारात आणि फाटकापासून पन्नास मीटरच्या आत विकता येत नाहीत. नियम आहे, पण तो लागू करायला कुणी टेप घेऊन येत नाही. टपरीवाल्याच्या पोटावर पाय द्यावा असंही इथे म्हणायचं नाही. त्याच हातगाडीवर पेरू, बोरं, उकडलेल्या शेंगा, फुटाणे, हंगामात हुरडा विकला गेला तर त्याचाही धंदा चालतो, फक्त मागणी हवी. मागणी कुणी करायची, याचं उत्तर कायद्यात आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने खासगी विनाअनुदानित शाळा सोडून प्रत्येक शाळेत शाळा व्यवस्थापन समिती नेमायला लावली आणि तिचे तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत असं ठरवलं. समितीच्या पुढच्या बैठकीत तीन गोष्टी लेखी मांडाव्यात: फाटकाच्या पन्नास मीटरांतली विक्री बदलावी, वाढदिवसाला वर्गात चॉकलेट-पुड्यांऐवजी चिक्की किंवा फळ वाटावं, आणि वर्षातून दोनदा प्रत्येक मुलाची उंची-वजन मोजून ते आकडे पालकांना कागदावर द्यावेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळांत तपासणीला येतं, त्याच दिवशी हे मोजमाप करून घेता येईल. खेळाच्या तासाला गणित घेतलं जात असेल तर ठरावात तेही लिहावं. मैदान नसेल तर संध्याकाळी शाळेचं आवार उघडं ठेवण्यासाठी नगरपरिषदेकडे किंवा संस्थेकडे वेगळा अर्ज करावा, आणि त्यावर आठ-दहा पालकांच्या सह्या घ्याव्यात.